निळ्या मार्करची कबुली

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. निवृत्तीनंतर माझ्या तपासांच्या गोष्टी मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत सांगितल्या, ज्येष्ठ नागरिक संघात सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनाही ऐकवल्या. ही एक सोडून. विसरलो म्हणून नव्हे. सकाळी फिरायला निघताना बूट घालायला बसतो आणि नेमकी तेव्हाच ती आठवते. मग एक बूट पायात, एक हातात, असा बराच वेळ जातो. पत्नी आतून विचारते, "निघालात की नाही?" मी म्हणतो, निघालो.

या प्रकरणात रक्ताचा थेंबही नाही. गुन्ह्याचं हत्यार म्हणजे निळ्या रंगाचा जाड मार्कर. घटनास्थळ अमेरिकेतलं ॲन आर्बर. आणि तपास अधिकारी मी, ज्याला तिथे रस्त्यावरची एक गाडी बाजूला घ्या म्हणायचाही अधिकार नव्हता.

वरिष्ठ पोलीस निरीक्षक म्हणून मी निवृत्त झालो आणि आम्ही दोघं मुलीकडे राहायला गेलो. पोलीस माणसाला रिकामा वेळ बाधतो. ठाण्यात सकाळ उजाडली की हजेरी, रात्रपाळीच्या अंमलदाराकडून माहिती, लॉकअपची पाहणी, स्टेशन डायरी. मुलीच्या घरी सकाळ उजाडली की काहीच नाही. मी खिडकीतून कचऱ्याची गाडी वेळेवर येते का ते पाहायचो. एकदा ती उशिरा आली तेव्हा मी घड्याळ पाहून 'हं' केलं. पत्नी म्हणाली, "आता बोलवा त्याला आत आणि घ्या जबाब."

म्हणून मी चालायला लागलो. ते विद्यापीठाचं गाव आहे. विद्यार्थी, सायकली, बस आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. चालता चालता मला तिथल्या भिंती वाचायची सवय लागली. डाउनटाउनमध्ये दोन इमारतींच्या मधे एक बोळ आहे, तिथे येईल त्याने रंगवावं अशी मोकळीक आहे. तिथे खरे कलावंत येतात, पर्यटक फोटो काढतात. त्यात मला रस नव्हता. मला रस होता हौशी, नवशिक्या लोकांत, जे चोरून, घाबरत, भलत्याच जागी लिहितात.

नवशिका ओळखणं सोपं असतं. त्याचं पहिलं अक्षर हत्तीएवढं असतं आणि शेवटचं उंदराएवढं, कारण भिंत संपत आलीय हे त्याला क्रांतीच्या भरात दिसलेलं नसतं. पार्किंगच्या एका इमारतीवर कोणीतरी इंग्रजीत व्यवस्था उलथवून टाकायची हाक दिली होती. त्यातला शेवटचा शब्द पाण्याच्या पाइपमागे गेला होता. दुसरी खूण म्हणजे तो घाईत असला तरी पूर्णविराम देतो. सराईत माणूस असल्या गोष्टीत वेळ घालवत नाही. आणि तिसरी खूण, त्याला उत्तरं येतात. त्याच क्रांतीच्या हाकेखाली बारीक पेनाने कोणीतरी लिहिलं होतं, 'शुक्रवारनंतर चालेल का? गुरुवारी माझी परीक्षा आहे.' एका खांबावर 'मी इथे होतो' आणि खाली दुसऱ्या अक्षरात 'मग गेलास का?' कचऱ्याच्या एका डब्याला डोळे काढून त्यावर लिहिलं होतं, 'मलाही भावना आहेत, पण आधी पिझ्झा टाका.' आपल्याकडे भिंतीवर लिहिणारा बहुधा हुकूम सोडतो: थुंकू नये, गाडी लावू नये, जाहिरात चिकटवू नये. तिथला भिंतीशी गप्पा मारतो. माझी सगळी नोकरी हुकमात गेलेली. मला त्या गप्पा आवडायला लागल्या होत्या.

आणि एका सकाळी बस स्टॉपशेजारच्या विजेच्या हिरव्या पेटीवर मला मराठी दिसलं.

निळ्या मार्करने, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'आत कोणी आहे का? असल्यास चहाला यावे.'

मी रस्त्यात एकटा मोठ्याने हसलो. सायकलवरची एक मुलगी मला 'यू ओके?' विचारून गेली. घरी येऊन पत्नीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघा, पेटीलाही कोणी चहाला बोलावतं. आपल्याला नाही बोलावलं अजून त्या शेजाऱ्यांनी."

मग शोधायचा नादच लागला. नदीकाठच्या बाकाच्या पाठीवर: 'या नदीत कोणी पाय धूत नाही. नदीला करमत नसेल.' रेल्वेच्या पुलाखाली: 'सगळे हसून बघतात. थांबत कोणी नाही.' डॉक्टरांच्या पांढऱ्या कुंपणावर: 'कुंपण छान आहे. आत कोण राहतं?'

हे डॉक्टर म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. फार वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त. त्यांनी कुंपण गुपचूप रंगवून घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर मंडळ ज्या शाळेचं सभागृह भाड्याने घेत असे, त्या शाळेच्या मागच्या भिंतीवर निळ्या अक्षरात वाक्य आलं: 'येथे जमणाऱ्या मराठी माणसांनी एकमेकांशीही बोलावे.'

शाळेच्या लोकांनी मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं आणि अध्यक्षांना बोलावलं. हा तुमच्यापैकी कोणीतरी आहे, शोधा. नाहीतर सभागृह मिळणार नाही. दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. अध्यक्ष माझ्याकडे आले.

"साहेब," ते म्हणाले, "हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

तिथे गेल्यापासून मला कोणी 'साहेब' म्हटलं नव्हतं. जावई 'बाबा' म्हणायचा, नात 'आबू', आणि दुकानातली मुलं काहीच नाही. अध्यक्ष गेल्यावर पत्नी म्हणाली, "एक 'साहेब' काय म्हणाले, लगेच पाठ ताठ झाली. हसत होतात ना कालपर्यंत वाचून? आता तोच गुन्हा झाला होय?"

"शाळेची भिंत आहे ती," मी म्हणालो.

"साबणाने निघेल."

मी तिचं ऐकलं नाही. मोबाइल आणि मोजपट्टी घेऊन रीतसर पंचनामा करत फिरलो. निष्कर्ष तीन निघाले. मार्कर सगळीकडे एकच. ठिकाणं सगळी एकाच बसच्या मार्गावर. आणि प्रत्येक ओळ माझ्या कमरेच्या जरा वर. उभा माणूस भिंतीवर लिहितो तेव्हा साधारण आपल्या डोळ्यांसमोर लिहितो. नव्याने भरती झालेल्या शिपायांना मी हे स्वतः भिंतीपाशी उभं करून शिकवलेलं आहे. म्हणजे लिहिणारा एकतर फार बुटका, नाहीतर वाकून लिहिणारा. मला ते खटकलं. मी ते लक्षात ठेवलं आणि पुढे गेलो.

आणखी एक. हॉस्पिटलमागच्या बागेत एका दगडी कठड्यावर मला तसंच एक वाक्य सापडलं होतं. ते मी कोणालाही सांगितलं नाही, पत्नीलाही नाही. तपासात एक तपशील राखून ठेवायचा असतो. खऱ्या आरोपीला तो माहीत असतो. खोटी कबुली देणाऱ्याला नसतो.

खबर दिली ती मंडळाच्या सचिवबाईंनी. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक मराठी मुलगी भाड्याने राहत होती. नाशिककडची, विद्यापीठात संशोधन करणारी. गणपतीच्या कार्यक्रमात तिने स्टेजवर समितीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. सूत्रसंचालन करणारे काका माइक कसा सोडत नाहीत, मोदक आधी कोणाच्या ताटात जातात, वगैरे. मीही हसलो होतो. अध्यक्ष हसले नव्हते.

"तिच्याकडे निळे मार्कर आहेत," सचिवबाई म्हणाल्या. "लॅबच्या बाटल्यांवर लिहायला आणते म्हणे. आणि बसही तीच. मी काही नाव घेत नाही हं कोणाचं."

साधन, संधी, हेतू, तिन्ही हातात आले. ज्या माणसाला विनोद चारचौघांत, आपल्या नावानिशी करता येतो, तो अंधारात भिंतीवर कशाला लिहील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

चौकशी अध्यक्षांच्या घरी, डायनिंग टेबलवर झाली. अध्यक्ष आणि सचिवबाई बाजूच्या खोलीत थांबले. आधी तिला खायला द्या, असं मी सांगून ठेवलं होतं. ही माझी ठाण्यातली पद्धत. माझ्या नोकरीत मी संशयितावर हात उचलला नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. गरम चहा, काहीतरी गोड, आवाज खाली. माणूस घाबरून आलेला असतो, त्याला मार अपेक्षित असतो. त्याऐवजी शिऱ्याची बशी समोर आली की तो आतून सैल होतो. सहकारी म्हणायचे, याच्यापुढे दगडही कबूल होईल.

मुलगी उंच होती. माझ्यापेक्षा चार बोटं उंचच. दारातून आत येताना मला ते दिसलं.

"काका, मला वाटलं दिवाळीच्या स्किटबद्दल मीटिंग आहे," ती म्हणाली. शिरा खात होती. "हे काय, मी सस्पेक्ट आहे? सीरियसली?"

"तसं काही नाही. मला फक्त समजून घ्यायचंय."

"ते भिंतीवरचं ना? ते भारी आहे, काका! आम्ही सगळे फोटो काढतो. नदीला करमत नसेल वालं तर माझं स्टेटस होतं."

"म्हणजे तू पाहिलंयस."

"सगळ्यांनी पाहिलंय!"

"पुलाखालचं?"

"हो."

"कुंपणावरचं?"

"ते ऐकलं फक्त. फोटो आला होता कोणाचा तरी."

आता वाचताना कळेल, ठिकाणं मीच एकेक करून तिच्या हातात देत होतो. मी सांगितलं, बसमध्ये कॅमेरे असतात. हे खरं होतं. ते फुटेज मी पाहिलंय असं मी म्हणालो नाही. तिला तसं वाटू दिलं. तिने चमचा खाली ठेवला.

"काका, पण मी नाही केलं हे. का करीन मी?"

मी तिच्या बशीत आणखी थोडा शिरा वाढला. मग अगदी सहज विचारलं, "तू इथे विद्यार्थी व्हिसावर आहेस ना?"

एवढंच. पुढचं वाक्य मी बोललो नाही. अर्धं वाक्य सोडून गप्प बसायचं, हे माझं सगळ्यात धारदार हत्यार होतं. पुढचं समोरचा माणूस स्वतःच बोलतो, मनातल्या मनात, आणि आपण बोललो असतो त्यापेक्षा भयंकर बोलतो. तिचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि हो म्हटलं तर?"

"तर या खोलीतून बाहेर काही जाणार नाही. समितीला सॉरी म्हणायचं, भिंत पुसायची, विषय संपला. माझा शब्द."

"ठीके," ती म्हणाली. "मीच केलं. झालं?"

"सगळीकडे?"

"हो, सगळीकडे."

"आणखी कुठे लिहिलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत न वाचलेला प्रश्न आल्यावर मुलं पाहतात तसं. "तुम्ही म्हणाल तिथे," ती म्हणाली.

तपास त्या क्षणी थांबवायला हवा होता. राखून ठेवलेला तपशील तिला माहीत नव्हता. तिची उंची जुळत नव्हती. पस्तीस वर्षांची नोकरी माझ्या कानात ओरडत होती की ही ती नव्हे. पण बाजूच्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं, अध्यक्षांचा चष्मा दिसत होता, आणि मी म्हणालो, "शाबास. खरं बोललं की मन हलकं होतं."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी शाळेला तिचं नाव कळवलं. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, सभागृह मिळायला नको का? तुम्ही शब्द दिला होता, मंडळाने नाही." शाळेने विद्यापीठाला कळवलं. विद्यापीठाने तिला चौकशीला बोलावलं. त्यातून काही निघालं नाही असं नंतर ऐकलं, पण ती फार घाबरली होती. सचिवबाईंनी बेसमेंट रिकामं करायला सांगितलं. थंडी सुरू झाली होती आणि ती मुलगी हातमोजे घालून शाळेची भिंत घासताना मंडळाच्या लोकांनी पाहिली. दिवाळी पहाट छान झाली. मला शाल दिली, स्टेजवर बोलावून. ती मुलगी वसंत येण्याआधी गाव सोडून गेली. दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात, दुसऱ्या विद्यापीठात, पहिल्यापासून सुरुवात करायला.

तोवर लिखाणही थांबलं होतं. "बघा," सगळे म्हणत, "ती पकडली आणि बंद झालं की नाही?" मीही मान डोलवायचो. मोठा पुरावाच होता तो.

थांबलं होतं बर्फामुळे.

बर्फ वितळल्यावर एके दुपारी मी बस स्टॉपवर आलो. गुडघा दुखत होता म्हणून बाकावर बसलो. उजवीकडे शेडच्या लोखंडी खांबावर माझ्या खांद्याशी ताजं निळं अक्षर होतं: 'बर्फ गेला. आता पुन्हा सगळे घाईत.' मी हात लांब केला. बसल्या बसल्या बोट बरोबर त्या ओळीवर टेकलं, वाकावं लागलं नाही, हात वर करावा लागला नाही.

लिहिणारा बुटका नव्हता आणि वाकलेलाही नव्हता. तो बसलेला होता.

त्या गावातल्या मराठी लोकांत एकच माणूस होता जो कुठेही बसू शकत असे. मुलांकडे राहायला आलेल्या आम्हा आईवडिलांचा एक गट लायब्ररीत आठवड्याला जमायचा. त्यात नागपूरच्या एक बाई होत्या. पती गेल्यावर मुलाकडे आलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. फारसं बोलायच्या नाहीत; बोलायला लागल्या की कोणीतरी मधेच रक्तदाबाचा विषय काढायचं. त्यांचा चार चाकांचा वॉकर होता. ब्रेक लावला की त्यावरच बसायची सोय.

मी पाळत ठेवली. खरंतर गरज नव्हती. दोनच दिवसांनी त्या मला नदीकाठी सापडल्या. वॉकरवर बसून, चष्मा नाकावर घेऊन, बाकाच्या पाठीवर शांतपणे लिहीत होत्या. मला पाहून हात थांबला नाही.

"या भाऊ, बसा," त्या म्हणाल्या. "तिकडून बसा, इकडचं ओलं आहे. शर्टाला लागेल."

"काकू, हे सगळं तुम्ही?"

"मग काय तर. घरात भिंतीला हात लावू देत नाही सून, पेंट नवीन आहे म्हणते." त्या हसल्या. "मुलगा सकाळी जातो, नातू कानात ते घालून बसतो. मराठीत काही विचारलं की 'व्हॉट, आजी?' मग मी बसने फिरते. म्हटलं, आपल्यापैकी कोणी वाचलं तर थांबेल, इकडे तिकडे पाहील. कोणी दिसलं तर बोलेल. तुम्ही पहिले. वाचलं का ते पेटीवरचं?"

मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं. सगळं नाही; ती कबूल झाली, गाव सोडून गेली, एवढं. त्यांच्या घरी कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मार्करचं टोपण त्यांच्या हातून खाली पडलं आणि घरंगळत गेलं. त्यांनी ते उचललं नाही.

"मला का नाही विचारलं?" त्या म्हणाल्या.

मी वाकून टोपण उचललं.

"अहो, मी लपवत कुठे होते? भर दुपारी लिहायची. लायब्ररीत तुमच्या समोर बसायची दर आठवड्याला, मार्कर त्या पिशवीत. 'काकू, हे तुम्ही का?' एवढं विचारलं असतं तर सांगितलं असतं ना मी. पोरगी बिचारी... चला, मला न्या त्या अध्यक्षांकडे. आत्ता न्या. मी सांगते त्यांना."

त्या उठायला लागल्या. एक पाऊल टाकलं की सगळं सरळ होणार होतं. आणि मी काय केलं? मी त्यांच्या वॉकरच्या दांड्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला. म्हणालो, "काकू, मुलगी तर गेली. आता सांगून तिचं काय होणार? आणि शाळेची भिंत म्हणजे सरकारी मालमत्ता. तुमच्या मुलाची नोकरी मोठी आहे..."

आणि थांबलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे. हळूहळू पुन्हा वॉकरवर बसल्या. मी तिथे खाकीशिवाय, ठाण्याशिवाय, एका आजारी विधवेची खरी कबुली दाबली. कारण शाल माझ्या कपाटात होती आणि लोक मला पुन्हा साहेब म्हणायला लागले होते. खोटी कबुली मिळवायला शिरा लागला होता. खरी दाबायला तोही लागला नाही.

काकूंनी त्यानंतर कुठे लिहिलं नाही. लायब्ररीत येणंही सोडलं. पुढे मुलाने त्यांना नागपूरला पोचवलं, आणि मागच्या वर्षी त्या गेल्याचं कळलं. त्यांच्या मुलाला हे आजही माहीत नाही. वाचलं तर कळेल.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे लिहिणं मला कठीण जातं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, म्हणून नोकरीत मी मिळवलेल्या नुसत्या कबुल्यांवर लोकांना शिक्षा झाल्या नाहीत; तो भाग न्यायालयाचा. पण त्या कबुल्यांवरून मी तपासाची दिशा ठरवली, माणसं अटक केली, त्यांच्या घरच्यांना ठाण्याबाहेर बसवलं. मारलं नाही, या एका गोष्टीवर मी स्वतःला चांगला अधिकारी समजत आलो. आता एकेक चेहरा आठवतो. घरफोडीतला तो रंगारी, ज्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. मालकाच्या दागिन्यांच्या चोरीत कबूल झालेली ती स्वयंपाकाची बाई. मी तिला म्हणालो होतो, 'तुझी मुलगी शाळेत जाते ना?' आणि थांबलो होतो. त्या वेळी ठिकाणं कोणी सांगितली होती, तिने की मी? मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करतो तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येतो, खाली आणलेला, मायाळू. ज्यांना हे वाचून आपली केस आठवेल, त्यांनी माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटून घ्यावं. ते बरोबर असेल.

आणि ती मुलगी. तिची माफी मागायची हे मी नदीकाठी त्या दुपारीच ठरवलं होतं. माझ्या मुलीकडून तिचा नंबर मिळवला, लावला नाही. मनात वाक्य तयार केलं, ते रोज चालताना घोकलं: 'चूक माझी होती. तू निर्दोष आहेस हे मला त्याच खोलीत जाणवलं होतं आणि बर्फ वितळल्यावर पक्कं कळलं, तरी मी गप्प बसलो. मला माफ कर.' असं घोकत काही वर्षं गेली.

मग पत्नीच्या भाच्याची प्लेनोला वास्तुशांत झाली. टेक्सासमधलं भलंमोठं घर, गॅरेजभर चपला, हॉलमध्ये माणसांची गर्दी. मी ताट घेऊन कोपऱ्यात उभा होतो, तर समोर ती. आता तिथेच नोकरी करते म्हणाली, यजमानीणबाई तिच्या ऑफिसात आहेत.

"काका, ओळखलंत?"

"ओळखलं," मी म्हणालो. वाक्य ओठांवर होतं.

"काका, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. खूप वर्षं डोक्यात आहे." तिने इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ते भिंतीवरचं मी लिहिलं नव्हतं. काहीच नव्हतं लिहिलं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

मी ताट धरून उभा.

"तुम्ही किती नीट वागलात माझ्याशी. शिरा दिलात, ओरडला नाहीत, शब्द दिलात. तो बाकीच्यांनी मोडला, तुमचा काय दोष? मला फक्त तिथून सुटायचं होतं, काका, म्हणून हो म्हटलं. माझ्यामुळे तुमची केस चुकली. खरं कोण होतं ते तुम्हाला कधी कळलंच नसेल ना? सॉरी. रिअली सॉरी."

तिचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. घोकलेल्या वाक्याचा पहिला शब्द 'चूक' होता, तो मला चांगला आठवत होता.

"असू दे, बाळ," मी म्हणालो. "होतं असं."

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. मग वाकून मला नमस्कार केला, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला माफ केलं.